बोनेअरचा समुद्र कुणी राखला?

कॅरिबियन समुद्रात स्कूबा डायव्हिंगसाठी जायचे ठरले की पहिला पेच जागेचा पडतो. नवशिक्याला तो फारसा पडत नाही, प्रशिक्षक नेईल तिथे त्याने जायचे असते. मुरलेला डायव्हर आपल्याला हव्या त्या खोल भिंती, बुडालेली जहाजे, गुहा मनाशी धरूनच निघतो. अडचण होते ती मधल्या माणसाची. त्याचे चाळीस-पन्नास डायव्ह झालेले असतात, पाण्यात तोल सांभाळता येतो, टाकीत हवा किती उरली याचे भान असते. पण जोरदार प्रवाहात किंवा चाळीस मीटर खोलीवर आपले काय होईल याची खात्री नसते. त्याच्यापुढे जाहिरातींचा ढीग पडतो आणि त्यांत पाणी किती नितळ, किती कोमट, हॉटेल केवढ्याला, एवढेच सांगितलेले असते. माझे म्हणणे असे की, जागा निवडताना त्या बेटाचा इतिहास आधी पाहावा. तिथे पाण्याखाली कशाकशाला मनाई झाली, ती कधी झाली आणि राखणीचा खर्च कुणी उचलला, हे तपासावे. आज पाण्याखाली जे दिसते ते बहुतांशी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या निर्णयांचे फळ असते. ही गोष्ट सर्वांत स्वच्छपणे दिसते ती व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या बोनेअर या लहानशा डच बेटावर.

बोनेअरचे क्षेत्रफळ सुमारे २८८ चौरस किलोमीटर. पाऊस तुटपुंजा, नदी एकही नाही आणि पूर्वेकडून बारमाही वाहणारा व्यापारी वारा. डायव्हरच्या दृष्टीने या सगळ्या जमेच्या बाजू आहेत. नदी नसल्यामुळे गाळ समुद्रात येत नाही आणि वारा पूर्वेचा असल्यामुळे पश्चिम किनाऱ्याचे पाणी शांत राहते. पण याच गोष्टींनी या बेटावर आधी मीठ आणले आणि मिठाबरोबर गुलामी आणली. १६३६ मध्ये डचांनी बेट घेतले ते मुख्यतः मिठासाठी. युरोपातल्या हेरिंग मासळीला मीठ लागत होते. दक्षिणेकडच्या मिठागरांत सरकारी मालकीचे गुलाम राबत. त्यांची कुटुंबे उत्तरेकडच्या रिंकॉन गावात असत आणि आठवड्याच्या शेवटी तिथवर तासन्‌तास पायपीट करावी लागे. मीठ भरायला येणाऱ्या जहाजांना आपला धक्का दुरून ओळखता यावा म्हणून १८३७ मध्ये किनाऱ्यावर वेगवेगळ्या रंगांचे दगडी स्तंभ उभारले गेले. १८५० च्या सुमारास गुलामांसाठी दगडी झोपड्या बांधल्या. त्या इतक्या ठेंगण्या आहेत की प्रौढ माणसाला आत ताठ उभे राहता येत नाही. डच वसाहतींतली गुलामगिरी १८६३ मध्ये संपली. झोपड्या आणि स्तंभ आजही आहेत, आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या काही नावाजलेल्या डायव्हच्या जागा थेट त्यांच्यासमोर आहेत. तिथे टाक्या पाठीवर चढवणाऱ्याने ही गोष्ट माहीत करून घेतलीच पाहिजे, असे मला वाटते.

गुलामगिरी संपल्यावर मिठाचा धंदा ओसरला आणि बेट गरीब राहिले. विसाव्या शतकात शेजारच्या कुरासाओ आणि अरुबा बेटांवर तेलशुद्धीकरणाचे मोठे कारखाने आले; बोनेअरचे पुरुष तिकडे कामाला जाऊ लागले. इथे कारखाना आला नाही, मोठे बंदर झाले नाही, वस्तीही विरळ राहिली. पाण्याखाली काय आहे याची जगाला चुणूक मिळाली ती १९३९ मध्ये. हान्स हास हा तरुण ऑस्ट्रियन दोन मित्रांसह कुरासाओ आणि बोनेअरला आला, भाला आणि कॅमेरा दोन्ही घेऊन. त्या काळात पाण्याखाली उतरणे आणि शिकार करणे यांत फारसा फरक नव्हता. पुढे १९४३ मध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी फ्रान्समध्ये पाठीवरच्या टाकीतून श्वास घेण्याचे उपकरण तयार केले आणि माणूस पाण्याखाली बराच वेळ राहू लागला. उपकरण बदलले, पण शिकारीची सवय तशीच राहिली. पन्नास-साठच्या दशकांत डायव्हिंगच्या हौशीत भाल्याने मासे मारणे हा मोठा भाग होता, आणि कॅरिबियनमधल्या अनेक बेटांवर मोठे मासे पहिल्यांदा घटले ते किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात.

याच काळात बोनेअरवर मनाईची सुरुवात झाली. १९६१ मध्ये कासवांची अंडी आणि घरटी यांना संरक्षण मिळाले. १९६२ मध्ये डॉन स्ट्युअर्ट नावाचा अमेरिकन आपले शिडाचे जहाज घेऊन बेटावर पोहोचला आणि तिथेच राहिला. बेटावरचा डायव्हिंगचा धंदा त्याने उभा केला. तो स्वतः भाला चालवणाऱ्यांपैकी होता, आणि पुढे भाल्याविरुद्ध बोलणाऱ्यांतही तोच पुढे होता. नांगर टाकला की प्रवाळ मोडते, एकदा मोडलेले प्रवाळ माणसाच्या आयुष्यात पूर्ववत होत नाही, हे त्याने ओळखले आणि प्रत्येक जागी कायमचे बोये बसवावेत, होड्या त्यांनाच बांधाव्यात, असा आग्रह धरला. १९७१ मध्ये भाल्याने मासेमारी करण्यावर बंदी आली. १९७५ मध्ये प्रवाळ तोडणे आणि नेणे बेकायदा ठरले. १९७९ मध्ये जागतिक वन्यजीव निधीच्या डच शाखेच्या मदतीने सागरी उद्यान स्थापन झाले; भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचा, बेटाभोवतीचा सगळा पट्टा त्यात आला. बहुतेक ठिकाणी समुद्राचा एखादा सुंदर तुकडा निवडून त्याला कुंपण घालण्याची पद्धत होती. इथे अख्ख्या बेटालाच वळसा घातला. मला या तारखांमध्ये सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा क्रम. गर्दी नंतर आली, नियम आधी आले. भाल्यावर बंदी आली तेव्हा बेटावर येणारे डायव्हर मोजके होते. त्यामुळे ज्यांचे नुकसान होणार असे लोकही मोजकेच होते आणि कायदा होऊ शकला.

या कायद्याची खरी परीक्षा बारा वर्षांनी झाली, आणि ती कायदा करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसलेल्या बाजूने आली. १९८३ च्या सुरुवातीला पनामाजवळ लांब काळ्या काट्यांचे समुद्री अर्चिन मरू लागले. वर्षभराच्या आत ही साथ प्रवाहांबरोबर सगळ्या कॅरिबियनमध्ये पसरली आणि बहुतेक ठिकाणी त्यांतले ९० टक्क्यांहून अधिक जीव गेले. हे अर्चिन खडकावरचे शेवाळ खरवडून खातात. ते गेल्यावर शेवाळ माजते आणि प्रवाळाच्या पिल्लांना चिकटायला जागाच उरत नाही. जमैकात नेमके हेच घडले. तिथल्या समुद्रात पिढ्यान्‌पिढ्या इतकी मासेमारी झाली होती की शेवाळ खाणारे मोठे मासे जवळपास संपले होते. सगळी भिस्त अर्चिनवर होती. ते मेले आणि सत्तरच्या दशकात निम्म्याहून अधिक खडक झाकणारे जिवंत प्रवाळ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्क्यांखाली आले. अर्चिन बोनेअरवरही मेले. पण तिथे पॅरटफिश शिल्लक होते. चोचीसारख्या दातांनी खडक खरवडणारा हा मासा दिसायला ठळक, पळायला संथ आणि रात्री खडकाच्या कपारीत झोपणारा. भालेवाल्याला त्याच्याइतके सोपे भक्ष्य नाही. १९७१ चा कायदा झाला तेव्हा कुणी शेवाळाचा विचार केला नव्हता. तरी त्या कायद्याने वाचलेल्या माशांनी पुढची कित्येक वर्षे अर्चिनची जागा बऱ्याच अंशी भरून काढली.

यावर लगेच आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. जमैकाला १९८० मध्ये ॲलन या चक्रीवादळाने झोडपले होते. बोनेअर चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे. जमैकाची लोकसंख्या वीस लाखांच्या घरात होती. बोनेअरवर काही हजार माणसे होती. मग श्रेय कायद्याचे की भूगोलाचे? भूगोलाचा वाटा मोठा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण नुसत्या भूगोलाने सगळे सुटत नाही. बोनेअरचा भूगोल साठच्या दशकातही हाच होता, तरी कासवे कमी होत होती आणि मोठे मासे भाल्याला बळी पडत होते. शिवाय वादळे अजिबात येत नाहीत असेही नाही. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये लेनी हे वादळ उलट्या दिशेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे गेले आणि त्याच्या लाटांनी बोनेअरच्या शांत समजल्या जाणाऱ्या पश्चिम किनाऱ्यावरचे उथळ प्रवाळ मोडून टाकले. २००८ मध्ये ओमारने पुन्हा तसाच मार दिला. मार बसल्यावर प्रवाळ परत उभे राहील की शेवाळाखाली जाईल, हे खाणाऱ्या माशांवर ठरते, आणि मासे राहतील की नाही हे माणसांच्या नियमांवर. २०१० मध्ये पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले आणि बरेच मेले; मेन विद्यापीठाचे रॉबर्ट स्टेनेक आणि त्यांचे सहकारी २००३ पासून बोनेअरची नियमित पाहणी करत होते, त्यांना पुढच्या काही वर्षांत ते सावरताना दिसले. त्याच २०१० साली बेटाने पॅरटफिश धरण्यावर बंदी घातली आणि मासे पकडण्याचे पिंजरे टप्प्याटप्प्याने बंद केले.

पण कायदा केला म्हणून समुद्र राखला जात नाही, हेही बोनेअरनेच दाखवले आहे. १९७९ ची मदत काही वर्षांत संपली. पगाराला पैसे उरले नाहीत आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून उद्यान कागदावर उरले, नेमके त्याच काळात डायव्हर वाढू लागले. १९९१ मध्ये डच सरकारच्या मदतीने व्यवस्थापन पुन्हा उभे राहिले आणि १९९२ पासून प्रत्येक डायव्हरकडून वर्षाला १० डॉलर घेणे सुरू झाले. डायव्हिंगच्या धंद्यातले अनेक लोक त्याच्या विरोधात होते. शुल्क लावले तर लोक दुसऱ्या बेटावर जातील, अशी त्यांची भीती होती. ती खरी ठरली नाही. जॉन डिक्सन, लुईस स्कुरा आणि उद्यानाचे पहिले व्यवस्थापक टॉम व्हॅन्ट हॉफ यांच्या १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विचारलेल्या डायव्हरांपैकी ९२ टक्क्यांना १० डॉलरचे शुल्क रास्त वाटले होते. ८० टक्के लोक २० डॉलरही द्यायला तयार होते. याच अभ्यासात एक आकडा आहे, तो मी प्रत्येक डायव्हरने लक्षात ठेवावा अशा योग्यतेचा मानतो. एका जागी वर्षाला ४,००० ते ६,००० डायव्ह झाले की त्या मर्यादेपलीकडे प्रवाळाची हानी झपाट्याने दिसू लागते, असे त्यांना आढळले. म्हणजे एखाद्या जागेवर दिवसाला पंधरा माणसे उतरली तरी ती जागा काठावर येते. प्रत्येकाच्या पायातले फिन एकदाच लागते, पण प्रवाळाला ते सगळ्यांचे लागते.

मधल्या अनुभवाच्या माणसाला हा इतिहास थेट उपयोगी पडतो, तो इथे. बोनेअरवर साठाहून अधिक जागा अशा आहेत जिथे किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता येते. रस्त्याकडेला पिवळा रंग दिलेले दगड जागा दाखवतात. भाड्याची गाडी, मागे टाक्या आणि सोबतीला जोडीदार. होडीचे वेळापत्रक नाही, मार्गदर्शकाच्या मागे धावणे नाही. खडक पाचेक मीटरवर सुरू होतो, दहा मीटरच्या आसपास उतार लागतो, आणि पाहण्यासारखे बहुतेक सगळे वीस मीटरच्या वरच असते. हवा पुरवून पुरवून तासभर पाण्यात राहता येते, चूक झाली तर उथळाकडे वळता येते, गरज पडलीच तर उपचारासाठी बेटावर रीकम्प्रेशन चेंबर आहे. ही मोकळीक बेट देऊ शकते ती बंधनांमुळेच. पहिल्या डायव्हआधी नियमांची माहिती घेणे आणि उथळ पाण्यात एक तपासणी-डायव्ह करणे सक्तीचे आहे. हातमोजे घालायला मनाई आहे, कारण हातमोजा असला की हात खडकाला टेकतो. ज्याचा तोल अजून पक्का व्हायचा आहे त्याला याहून चांगली शाळा मिळणार नाही. याउलट मेक्सिकोच्या कोझुमेलला प्रवाह माणसाला वाहून नेतो. तो अनुभव विलक्षण आहे, पण वेग तिथे पाणी ठरवते. बेलीझच्या ग्रेट ब्लू होलची कीर्ती कुस्तोच्या सत्तरच्या दशकातल्या भेटीपासून जगभर पसरली. तिथले चुनखडीचे लोंबते खांब पाहायला चाळीस मीटरच्या आसपास उतरावे लागते, म्हणजे हौशी डायव्हिंगची शेवटची मर्यादा, तीही काही मिनिटांसाठी आणि जिथे सजीव फारसे नाहीत अशा अंधारात. कीर्ती पाहून जागा निवडणाऱ्याची फसगत होते ती अशी. केमन बेटांचे मात्र वेगळे आहे. बॉब सोटोने १९५७ मध्ये तिथे डायव्हिंगचा धंदा सुरू केला, १९८६ मध्ये सागरी उद्याने झाली, आणि तिथल्या भिंतींना तोड नाही; थोडा अनुभव गाठीला बांधून मग जाण्याची ती जागा आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ही सगळी राखण परक्यांच्या मौजेसाठी झाली; बेटावरच्या माणसाला काय मिळाले? भाला बंद झाला, पिंजरा बंद झाला, पॅरटफिश बंद झाला, आणि डॉलर मोजणारा पाहुणा मात्र तेच मासे पाहायला येतो. यातला काही भाग खरा आहे. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये बोनेअर नेदरलँड्सचा खास दर्जाचा भाग झाले, तेव्हा वस्ती पंधरा हजारांच्या घरात होती. आता ती पंचवीस हजारांच्या आसपास आहे. जागांच्या किमती आणि भाडी चढली आणि स्थानिकांना घर परवडेनासे झाले. पण मासेमारी बंद झालेली नाही. गळाने, दोरीने मासे धरण्याची जुनी पद्धत बहुतेक ठिकाणी चालू आहे; २००८ मध्ये मासेमारीला पूर्ण बंदी केलेले पट्टे थोडे आणि लहान आहेत. शुल्क बाहेरून येणाऱ्यावर आहे, ते आता वर्षाला ४० डॉलर झाले आहे आणि ते बेटावरच्या उद्यानांच्या राखणीवर खर्च होते. बेटासमोरचे क्लाइन बोनेअर हे निर्मनुष्य बेट १८६८ पासून खासगी मालकीचे होते, तिथे हॉटेले बांधण्याची भाषा सुरू झाली होती. ते १९९९ मध्ये सार्वजनिक पैशाने परत विकत घेतले गेले. बेटाचे लोक त्यामागे उभे राहिले नसते तर हे झाले नसते. परक्यांची मौज एवढेच त्याचे वर्णन करणे त्या लोकांवर अन्याय करणारे आहे.

ज्याला बोनेअर नकोच असेल त्यानेही याच कसोट्या दुसऱ्या बेटाला लावाव्यात. तिथे भाला कधी बंद झाला? होड्या बोयाला बांधतात की नांगर टाकतात? शुल्क असेल तर ते कुणाच्या हाती जाते? आणि हॉटेलांचे सांडपाणी कुठे जाते? शेवटचा प्रश्न बोनेअरलाही विचारला पाहिजे, कारण तिथेच ते कमी पडले आहे. बेटाचा खडक सच्छिद्र चुनखडीचा आहे, शोषखड्ड्यातले पाणी झिरपून समुद्रात येते, आणि सांडपाणी शुद्ध करण्याचा कारखाना हॉटेले उभी राहून कित्येक वर्षे झाल्यावर आला. मोकाट शेळ्यांनी झाडोरा खाल्ल्यामुळे पावसात मातीही वाहून येते. समुद्राच्या बाजूने लवकर जागे झालेले हे बेट जमिनीच्या बाजूने उशिरा जागे झाले.

आताचे संकट मात्र शुल्क आणि बोये यांना पुरून उरणारे आहे. २०२३ मध्ये कठीण प्रवाळांचे ऊतक झडवणारा रोग बोनेअरला पोहोचला. फ्लोरिडात २०१४ मध्ये सुरू झालेली ही साथ बेटामागून बेट घेत दक्षिणेकडे आली आहे. म्हणून तिथे एका जागेवरून दुसरीकडे जाताना साहित्य निर्जंतुक करावे असे सांगितले जाते. पाहुण्याने ते मनापासून पाळावे. २०२३ मध्येच पाणीही पुन्हा विलक्षण तापले. २०२४ च्या जानेवारीत बोनेअरच्या काही रहिवाशांनी ग्रीनपीसबरोबर नेदरलँड्स सरकारवर हेगच्या न्यायालयात दावा लावला. हवामानबदलापासून बेटाचे रक्षण करा आणि उत्सर्जन अधिक वेगाने घटवा, ही त्यांची मागणी होती. १९७१ मध्ये बेटाला आपल्या पाण्यापुरता कायदा करून भागले होते; पाण्याचे तापमान त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. विमानाने तिथे जाणारा प्रत्येक डायव्हर या तापण्यात भर घालतो, हा आक्षेप मला खोडता येत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला हा प्रवास काही तासांचा आहे, मुंबई-पुण्याहून जाणाऱ्याला तो अर्ध्या पृथ्वीचा आहे. इतक्या लांब जायचेच असेल तर आधी मालवणला, अंदमानला तोल पक्का करावा, मग एकदाच आणि पुरेशा दिवसांसाठी जावे. चार दिवसांत चार बेटे उरकण्यापेक्षा एकाच किनाऱ्यावर दोन आठवडे काढावेत.